गाडीची जन्मतारीख

मागच्या महिन्यात हिंगणघाटला एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या आवारात गाडी लावली आणि उतरतो न उतरतो तोच पुतण्याने हटकलं, "काका, अजून हीच? आता हिला भंगारात द्या न् तुम्हीही मोकळे व्हा!" आजूबाजूचे चार-सहा जण हसले. मीही हसलो. लग्नघरी वाद घालू नये एवढं कळतं. पण पंगतीत मठ्ठा वाढेपर्यंत माझ्या डोक्यात उत्तर तयार होत होतं, आणि नेहमीप्रमाणे ते पूर्ण सुचलं हात धुताना. तोवर पुतण्या वरातीत नाचायला गेला होता. म्हणून ते इथे लिहितो. तो वाचेलच. नाही वाचलं तर त्याची आई वाचून दाखवील.

आधी गाडीची ओळख. मारुती ८००, पांढरी, कार्बोरेटरवाली, फेब्रुवारी १९९९ ची, एमएच ३२ पासिंग. पतसंस्थेचं कर्ज आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम मिळून घेतली. तेव्हा माझी शाळा आर्वी तालुक्यात आणि घर वर्ध्याला. जाऊन-येऊन १०४ किलोमीटर. आधी काही वर्षं एसटी, मग एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे, आणि मग ही. सोबत तीन मास्तर असायचे, पेट्रोलचा हिशेब महिनाअखेर वाटून. २००९ ला निवृत्त होईपर्यंत हा क्रम चालला. आज तिचं एकूण चालणं ४ लाख १२ हजार किलोमीटरच्या वर गेलं आहे.

हा आकडा मीटरवरचा नाही हे आधीच सांगतो. मीटरची केबल दोनदा तुटली, एकदा मीटरच बदललं. त्यामुळे काचेमागे आज जो आकडा दिसतो त्यावर मी स्वतःही विश्वास ठेवत नाही. आकडा डायरीतला आहे. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, मीटर. काम केलं की काम, पैसे, मीटर. केबल तुटलेल्या दिवसांत रस्त्याच्या अंतरावरून अंदाज. अशा पाच डायऱ्या झाल्या आहेत. शाळेत पाठाच्या टाचणवह्या काढायची सवय होती, ती इथे उपयोगी पडली, दुसरं काही नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझी तक्रार अशी आहे की गाडीबद्दल आपल्याकडे कुणी 'किती चालली?' असं विचारत नाही, 'कशी ठेवली?' असं तर नाहीच नाही. विचारतात 'किती सालची?' पुतण्यापासून सरकारपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात. आणि जन्मतारखेची काय किंमत असते हे एका शिक्षकाला कुणी शिकवायला नको!

नोकरीची सुरुवातीची काही वर्षं मी प्राथमिकला होतो. आई पोराला पहिलीत घालायला घेऊन यायची. जन्मतारीख विचारली की उत्तर मिळायचं, "पोळ्याच्या पाच-सहा दिवस आंधी झाला जी. त्या साली लय पानी झालं होतं." मग काय करायचं? मोठे गुरुजी पोराला उभं करून सांगायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. कान हाती आला की पोरगा शाळेच्या वयाचा! आणि रजिस्टरमध्ये तारीख लिहायची १ जुलै. अर्ध्या गावाचे वाढदिवस एकाच दिवशी यायचे. ती तारीख कागदाला लागायची. पोरगा वर्गात बसण्याजोगा आहे की नाही, हे सांगायचा तो कान.

सरकारने गाड्यांसाठी कान धरायची परीक्षा ठेवलेली आहे, हे मी नाकारत नाही. लग्नात जे सांगितलं जात होतं ते चूक होतं, म्हणून कायदा जरा नीट सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं. त्यात खासगी गाडी पंधरा वर्षं झाली म्हणून आपोआप भंगारात जात नाही. पंधरा वर्षांनी तपासणी होते, पास झाली तर पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, आणि पुढे तसंच दर पाच वर्षांनी. सरकारी गाड्यांचं मात्र वेगळं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवणं बंद झालं, त्यात एसटीसारख्या महामंडळांच्या बसही आल्या. खासगी माणसाला सक्ती नाही. त्याला चुचकारतात. गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीत द्या, प्रमाणपत्र घ्या, नवी घेताना करात सवलत मिळवा.

इथवर माझं काही म्हणणं नाही. मोडकळीला आलेल्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात. नागपूर रोडवर संध्याकाळी काळ्या धुराचा लोट सोडत जाणारा ट्रक पुढे असला की मलाही त्याच्या मालकाची आठवण होते, आणि ती चांगल्या शब्दांत होत नाही.

माझा आक्षेप फीवर आहे. २०१९ मध्ये माझ्या गाडीची नोंदणी वाढवली तेव्हा फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५००० झाली. २०२४ ला मी ती भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नियम आला, वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. वर पर्यावरण कर वेगळा. बरं, ही फी कशावर वाढते? गाडी किती धूर सोडते त्यावर नाही. वर्षाला किती धावते त्यावर नाही. ब्रेक किती अंतरात लागतात त्यावरही नाही. फक्त १ जुलैवर! म्हणजे पोरगा कान धरून दाखवतो आहे, परीक्षेत पास होतो आहे, आणि आपण म्हणतो आहोत, पास झालास खरा, पण वय जास्त आहे, तेव्हा दुप्पट फी आण. असा मुख्याध्यापक मी पाहिला नाही.

दिल्लीचं तर विचारूच नका. तिथे दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायची नाही, असा हरित न्यायाधिकरणाचा हुकूम. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला. १ जुलै २०२५ पासून (पाहा, पुन्हा १ जुलै!) अशा गाड्यांना पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही असं ठरलं. लोक इतके भडकले की ते काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने वयाच्या कारणावरून कारवाई करू नका म्हटलं, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. हा शेवटचा निकष मला पटतो. तो इंजिनाचा आहे, जन्मतारखेचा नाही. त्यात माझी गाडी नापास होते हेही मान्य करतो. ती बीएस-१ च्याही आधीची आहे. दिल्लीच्या हवेत तिने जाऊ नये. ती जाणारही नाही, तिला बुटीबोरीच्या पुढे जायचं म्हटलं की हल्ली मलाच कंटाळा येतो.

यावर पुतण्याचा युक्तिवाद मला माहीत आहे. 'काका, तुमची एक गाडी चालली असेल, म्हणून सगळ्या चालतात का?' तर माझ्या गाडीचं सोडा. आपल्या महाराष्ट्रातलंच मोठं उदाहरण घ्या. मुंबईची टॅक्सी. (आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे चौदा माणसं कोंबून हिंगणघाट रोडला धावणारी जीप, मी मुंबईच्या काळी-पिवळीबद्दल बोलतोय.) प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मूळ फियाटची रचना साठच्या दशकातली. २००० च्या सुमारास ती बनायची बंद झाली, पण टॅक्सी म्हणून पुढे वीस वर्षं ती रस्त्यावर होती. मालक दिवसा चालवायचा, रात्री दुसऱ्याला द्यायचा. दिवसाला शंभर किलोमीटर धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस, तरी वीस वर्षांत सहा लाख होतात. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत, पावसात, ट्रॅफिकमध्ये! मध्येच न्यायालयाच्या आदेशांमुळे टॅक्सी सीएनजीवर गेल्या. म्हणजे धूर हा प्रश्न होता तेव्हा इंधन बदलून तो हाताळता आला, त्यासाठी गाडी फेकावी लागली नाही, हे तिथेच सिद्ध झालं होतं.

आणि तरीही तिला थांबवलं ते तारखेनेच. २००८ मध्ये मुंबईत टॅक्सीला पंचवीस वर्षांची मर्यादा आली, २०१३ मध्ये ती वीसवर आणली. शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी मुंबईत अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. २९ तारखेच्या रात्री जी गाडी प्रवाशांना चालत होती ती ३० च्या सकाळी चालेनाशी झाली. रात्रीतून तिच्यात काय बिघडलं, हे मला कुणी समजावून सांगावं. वर्तमानपत्रांनी आठवणींचे लेख छापले, लोक हळहळले. पण 'का?' हा प्रश्न मला फारसा कुठे दिसला नाही.

निवृत्तीची उपमा इथे कुणीतरी देईल, म्हणून आधीच नाकारतो. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केलं तेही तारखेनेच, आणि ते बरोबर होतं. माझ्या जागेवर एक बी.एड. झालेला तरुण पोरगा लागला, तो पाच वर्षं वाट पाहत होता. माझी गाडी कुणाची जागा अडवून बसलेली नाही. ती जाऊन दुसरी आली तर जागा माझ्याच अंगणात लागेल, फक्त जास्त लागेल. हल्लीच्या गाड्या माझ्या फाटकातून आत येत नाहीत!

आता सगळ्यात लांब चाललेल्या गाडीबद्दल. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ इर्व्ह गॉर्डन नावाचे गृहस्थ होते, शाळेत विज्ञान शिकवायचे. (शिक्षक! म्हणून मला जास्त जिव्हाळा.) १९६६ मध्ये त्यांनी लाल रंगाची व्होल्वो पी १८०० घेतली. शाळेला जाऊन-येऊन १२५ मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर. माझ्या दुप्पट. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात त्या गाडीने तीस लाख मैल पूर्ण केले. आपल्या हिशेबाने ४८ लाख किलोमीटर. एका मालकाची, एकच गाडी. गिनेस बुकात नोंद आहे. इंजिन पहिल्यांदा पूर्ण उघडलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर. २०१८ मध्ये गॉर्डन वारले. त्यांच्या मुलाखतींत गुपित म्हणून जे सांगितलेलं असायचं ते अगदीच निराशाजनक आहे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलं तसं केलं, वेळच्या वेळी ऑइल बदललं. संपलं. आपल्याकडे ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर तरी कोण काढतं?

ग्रीसमध्ये एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची मर्सिडीज ४६ लाख किलोमीटर चालली. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाकडे गेली. तिची इंजिनं मात्र आलटून-पालटून बदलली होती. मग ती 'तीच' गाडी का? हा प्रश्न मलाही लोक विचारतात. मी म्हणतो, आमच्या घरची बंडी घ्या. माझ्या आजोबांनी केलेली. चाकाच्या धावा बदलल्या, आरे बदलले, एकदा तर तुंबाच फुटला म्हणून आख्खं चाक नवीन झालं, जू दोनदा बदललं. बाबा गेले तेव्हाही ती आजोबांचीच बंडी होती. कुणी विचारलं नाही की मूळ लाकूड किती टक्के उरलं. वर्ध्यातली जुनी माणसं तर सांगत की जमनालालजींकडे एका जुन्या फोर्ड मोटारीचं इंजिन काढून तिला बैल जुंपले होते, आणि तिला गमतीने 'ऑक्सफर्ड' म्हणत! इंजिन गेलं तरी गाडी कामाची असते, हे आमच्या गावाला शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी सांगून ठेवलंय.

माझ्या गाडीत काय काय बदललं ते डायरीतून उतरवतो. टायरचे नऊ संच. क्लच प्लेट सहा. टायमिंग बेल्ट पाच, आणि एकही तुटू दिला नाही, वेळेआधी बदलला. सात बॅटऱ्या. चार सायलेन्सर. फ्लोअरचा पत्रा गंजला म्हणून पायाखाली दोन ठिकाणी ठिगळ. ऑइल दर पाच हजारांना, कुणी काही म्हणो. एअर फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला झटकायचा, कारण आमच्याकडे काळ्या मातीची धूळ अशी बारीक असते की ती पापणीच्या केसांवरही बसते. रेडिएटर मे महिन्याच्या आधी साफ. वर्ध्याचा मे म्हणजे ४६-४७ अंश, त्यात निष्काळजीपणा केला की हेड गॅस्केट गेलंच म्हणा.

आणि २००७ मध्ये, २ लाख १७ हजारांवर, इंजिन. गाडी ऑइल प्यायला लागली, चढावर निळा धूर. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये (नाव सांगत नाही) नेली. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने बॉनेट न उघडता सांगितलं, "सर, हिच्यात पैसे घालू नका. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." बॉनेट न उघडता! डॉक्टरने नाडी न पाहता 'यांना आता घरी न्या' म्हणावं तसं. मी आर्वी नाक्याजवळच्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी प्लग काढले, कॉम्प्रेशन पाहिलं, वास घेतला, आणि म्हणाले, "सर, हिले काई नाई झालं. रिंगा गेल्या. बोर करून टाकू." बोअर केलं, मोठ्या मापाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह घासून बसवले. तेरा हजारांत आणि आठ दिवसांत. त्या तेरा हजारांवर गाडी पुढे जवळजवळ दोन लाख किलोमीटर चालली आहे.

लांब चालण्याचं एक शास्त्र आहे, ते लोकांना उलटं वाटतं. इंजिन झिजतं ते मुख्यतः थंड असताना सुरू होतं तेव्हा. ऑइल खाली बसलेलं असतं, ते वर पोचेपर्यंतचे काही क्षण. माझी गाडी सकाळी एकदा सुरू व्हायची आणि ५२ किलोमीटर एका लयीत जायची, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, पन्नास-साठच्या वेगाने. शहरातली गाडी दिवसात आठ वेळा सुरू होते, दोन किलोमीटर जाते, अर्धवट गरम होऊन बंद होते. तिचे पन्नास हजार माझ्या दीड लाखाला भारी पडतील. आणि सगळ्यात वाईट हाल उभ्या गाडीचे. रबर कडक होतं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून राळ बसते, बॅटरी मरते, उंदीर वायरी खातात. म्हणजे दहा वर्षं झाकून ठेवलेली गाडी कागदावर तरुण आणि आतून म्हातारी. तारीख बघणाऱ्याला हे दिसणार कसं?

आता माझ्या बाजूने कच्चं काय आहे तेही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर एकच बाजू शिकवतात.

गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, पत्रा पातळ. धाकटा मुलगा पुण्याहून आला की नातवाला या गाडीत बसवत नाही आणि मी आग्रह करत नाही. तो बरोबर आहे. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, त्यावर मी ही गाडी नेत नाही. तिथे १२० ने धावणाऱ्यांच्या मध्ये ५५ ने जाणं हे धाडस नव्हे, त्रास आहे. पूर्वी पुण्याला हिनेच जायचो, आता रेल्वेने जातो. धुराचंही तसंच. हिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. पीयूसीत पास होते, पण ती परीक्षा जुन्या गाडीची वेगळी आणि नव्याची वेगळी असते. आजच्या बीएस-६ गाडीच्या मानाने ही घाण सोडते. मोजलंत तर मी वाद घालणार नाही.

पण मोजा! माझं तेवढंच मागणं आहे. गेली चार-पाच वर्षं ही वर्षाला तीनेक हजार किलोमीटर चालते. सोळाचं ॲव्हरेज धरा, १९० लिटर पेट्रोल. एका लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला साधारण ४४० किलो. एक लहान नवी गाडी बनवण्यातच, लोखंड, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच सगळं धरून, निदान चार-पाच टन जातात. म्हणजे मी आज नवी गाडी घेतली तर ती अंगणात येईपर्यंतच माझ्या दहा वर्षांच्या पेट्रोलइतका कार्बन झालेला असेल. माझी दहा वर्षं उरली आहेत का, हा वेगळा प्रश्न. याउलट जो माणूस वर्षाला पंचवीस हजार चालवतो, त्याने जरूर नवी, कमी पिणारी गाडी घ्यावी; त्याच्या बाबतीत पेट्रोलचं पारडं जड होतं. मी २००५ मध्ये असतो आणि आजची गाडी तेव्हा मिळाली असती तर कदाचित मीच बदलली असती. पण नियमाला हा फरक कळत नाही. तीन हजारवाल्याला आणि तीस हजारवाल्याला एकच फी, कारण दोघांची जन्मतारीख एक.

मगनवाडीवरून जाताना मला नेहमी कुमारप्पांची आठवण येते. ग्रामोद्योग संघ तिथेच होता. १९४५ साली त्यांचं 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक आलं. टिकाऊपणाचं अर्थशास्त्र. त्यांनी माझी गाडी पाहिली असती तर पहिला प्रश्न 'गाडी हवीच कशाला?' असा विचारला असता, याची मला खात्री आहे, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. तेव्हा त्यांना साक्षीला बोलावत नाही. नुसती आठवण येते एवढंच.

मुलाचं सांगायचं राहिलं. (बाळा, वाचतोयस ना?) सोळा वर्षांत त्याची ही चौथी गाडी. प्रत्येक वेळी पन्नास-साठ हजार झाले की विकायची, कारण 'रीसेल चांगली येते'. चारही गाड्यांचे किलोमीटर मिळवले तरी माझ्या एकीच्या जवळपास निम्मे होतात. हप्ते मात्र सोळा वर्षं अखंड चालू. मी हे त्याला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही स्पेअर पार्टचा खर्च धरलाय, पण मिस्त्रींकडे बसून घालवलेल्या तुमच्या तासांची किंमत धरली नाही." मुद्दा बिनतोड आहे. पण त्या तासांत मी काय करायला हवं होतं, हे त्याने सांगितलं नाही.

भावनेचा मुद्दा मी वादात आणत नाही. फक्त नोंद म्हणून लिहितो. हिचं डायलिसिस सेवाग्रामला चालू होतं तेव्हा तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, पहाटे सहाला गाडी काढावी लागे. डिसेंबरच्या थंडीतही. चोक ओढायचा, एक चावी, फार तर दोन. एकदाही दगा दिला नाही.

तर खरी अडचण फी नाही. दहा हजार मी भरीन. पेट्रोलचीही थोडी आहे. २०२५ पर्यंत सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्याला टिकतील याची खात्री नसते. मी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम बदलून घेतला. खरी अडचण मिस्त्रींची आहे. ते सहासष्ट वर्षांचे आहेत. कार्बोरेटर उघडून, जेट तोंडाने फुंकून, कानाने ट्यूनिंग जमवणारा माणूस माझ्या माहितीत वर्ध्यात आता त्यांच्याशिवाय एखादाच. त्यांच्या मुलाने शेजारीच गाड्या धुण्याचं सेंटर आणि सीट कव्हरचं दुकान टाकलं आहे, आणि तो बापापेक्षा जास्त कमावतो. "त्याले कारबुरेटर काय शिकवू सर? गाड्या कुठं रायल्या?" असं ते म्हणतात. गाड्या नाहीत म्हणून शिकायचं नाही, आणि शिकलेला माणूस नाही म्हणून गाड्या काढायच्या. यात आधी कोण गेलं ते शोधत बसलं तर शेवटी दोन्ही जातात.

सरकारने ठिकठिकाणी यंत्राने तपासणी करणारी केंद्रं काढायला घेतली आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. माझी गाडी न्या, यंत्रावर चढवा, ब्रेक मोजा, धूर मोजा, दिवे मोजा. नापास झाली तर मी स्वतः तिला मोडीत घालायच्या केंद्रापर्यंत चालवत नेईन. (चालवत! टोचण लावून नव्हे.) पास झाली तर नवी गाडी जी फी भरते ती माझ्याकडून घ्या, आणि वर्षाला किती चालली ते विचारून त्यावर कर लावा. तो जास्त आला तरी मी कुरकुर करणार नाही. डायऱ्या माझ्याजवळ आहेत.

पुढची नोंदणी फेब्रुवारी २०२९ ला. तेव्हा गाडी तीस वर्षांची असेल आणि मी अठ्ठ्याहत्तर. माझ्या लायसन्सचंही तेव्हा बघावं लागेल, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय असं डॉक्टर म्हणतात. दोघांपैकी कोण नापास होतं ते पाहू.

सध्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर थोडा गळतोय. मिस्त्रींनी गुरुवारी बोलावलंय, सकाळी दहाच्या आत या म्हणाले, नंतर ऊन होतं.